हिच्यासाठी कोण उभं राहतं?

जोलीनने फोनवर आडपडदा ठेवलाच नव्हता. "हे बघ डार्सी, अनोळखी लोकांची मुलं मी सांभाळत नाही. तुम्ही वाईट आहात असं नाही गं, पण आधी आमच्या शिकारी क्लबात या, चार लोकांना तोंड दाखवा, नाव-गाव सांगा. शनिवारी पॅनकेकची न्याहारी आहे. मेंबर झालात की सोमवारपासून मेबलला खुशाल आणून सोड."

सोमवारीच डार्सीची नोकरी सुरू होणार होती. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. कॉलेजात चार वर्षं जे शिकली आणि मेबल झाल्यावर पाच वर्षं जे गुंडाळून ठेवलं, ते पुन्हा उलगडायची ही पहिली संधी होती. पिट्सबर्ग सोडून नवऱ्याच्या, ब्रेंटच्या कामासाठी या डोंगरात आल्याला दोन महिने झाले होते, आणि पोर ठेवायला चाळीस मैलांत जोलीनच्या घराशिवाय दुसरी जागा नव्हती. तिने चौकशी कमी केली नव्हती.

"आणखी एक विचारायचं होतं," ती म्हणाली होती. "घरातल्या बंदुका कुलपात असतात ना?"

हे ती सगळ्यांनाच विचारायची. कुत्रा चावरा आहे का, पोरीला शेंगदाणे देऊ नका, आणि बंदुका कुलपात आहेत ना. एका दमात विचारलं की कुणाला फारसं लागत नाही, असा तिचा अनुभव होता.

जोलीन खळखळून हसली. "अगं, या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना माझ्या पॅपनी बंदूक धरायला शिकवलीय! आमच्या घरातली बंदूक तुमच्या शहरातल्या पोलिसापेक्षा शहाणी आहे."

डार्सीही हसली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की बाई 'हो' म्हणालीच नाही.

शनिवारी सकाळी क्लबाच्या लांबोड्या लाकडी हॉलमध्ये तळलेल्या सॉसेजचा आणि मेपलच्या पाकाचा वास कोंदला होता. भिंतीवर हरणांची मुंडकी, त्यांच्या शिंगांवर कुणाकुणाच्या टोप्या. न्याहारीच्या दिवशी मागचा नेमबाजीच्या सरावाचा माळ बंद असायचा. त्यामुळे सगळी पोरंटोरं खिडकीबाहेर पानांच्या ढिगाऱ्यात लोळत होती. मेबलही त्यांत होती, लाल टोपी घालून. डार्सीने मुद्दाम खिडकीसमोरची खुर्ची धरली.

"जरा बाहेर बघणं सोड की," ब्रेंट कुजबुजला. "लोकांना वाटेल, तुला इथे यायचंच नव्हतं."

"मला इथेच यायचंय," ती म्हणाली. "म्हणूनच बघतेय."

ब्रेंट सकाळपासून लग्नाच्या दिवशी होता तसा होता. दाढी घोटलेली, शर्ट नवा. क्लबाचं जंगल तीनशे एकरांचं, आणि हरणांच्या शिकारीचा मोसम महिन्यावर आला होता. कारखान्यात त्याच्या शेजारी उभे राहणारे सगळे इथलेच. डबा खायला बसले की त्यांच्या गप्पा कुठल्या झाडावर कुणाचं मचाण यावर यायच्या, आणि हा मुकाट्याने सँडविच चावत बसायचा. माणूस एकटा पडला की कसा होतो, ते डार्सी दोन महिने घरात बघत होती.

इतक्यात जोलीन दारातून आत आली. पन्नाशीची, भरल्या अंगाची, हातात मेंबरांच्या यादीची फाइल. तिच्यामागे तिचे वडील, पॅप. खरं नाव हर्शल क्लाइन, पण सख्ख्या नातवंडांपासून गावातल्या पाद्र्यापर्यंत सगळे त्यांना पॅपच म्हणत. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, खांद्यावर जुनी रायफल, दर गोळीला हाताने बोल्टचा खटका मागेपुढे ओढायची.

"उशीर झाला, माफ करा मंडळी," जोलीन मोठ्याने म्हणाली. "पॅपनी निघता निघता परसात घूस बघितली! माझ्या कोबीचा फडशा पाडते मेली. झालं, स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडून बसले."

"मारली का, पॅप?" कुणीतरी विचारलं.

"एकाच गोळीत," जोलीनच म्हणाली. पॅप नुसते हसले. मग डार्सीसमोर थांबून त्यांनी हात पुढे केला. "तू कोण गं पोरी?"

"डार्सी. डार्सी हेलमन."

"डार्सी. छान." कॉफी घेऊन परत जाताना ते पुन्हा थांबले. "आणि तू कोण गं?"

शेजारच्या टेबलावर बसलेली रने मान खाली घालून पॅनकेक कापत राहिली. ती दवाखान्यात नर्स होती आणि तिची दोन्ही मुलं जोलीनकडेच असत. तिने ऐकलं होतं. डार्सीने पुन्हा नाव सांगितलं.

नव्या माणसाने ओळख करून द्यायची या क्लबाची एक रीत होती. पॅपसमोर जायचं. पॅप आपली रायफल बोल्ट बंद ठेवूनच हातात देणार आणि म्हणणार, "रिकामी आहे." त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला की माणूस फसला! बंदूक कुणीही देवो, सख्ख्या बापाने का देईना, आधी बोल्ट उघडून बघायचा. जो बघत नाही त्याच्या नावाने गाईची घंटा वाजायची. मग त्याने आपलं नाव, गाव आणि पहिली बंदूक कुणी दिली ते सांगायचं. शेवटी जोलीन विचारायची, "याच्यासाठी कोण उभं राहतं?" एक जरी मेंबर खुर्चीतून उठला तरी माणूस आत. आजवर कुणी बाहेर राहिला नव्हता.

यंदा नवे दोघेच. आधी ब्रेंट गेला.

"रिकामी आहे," पॅप म्हणाले.

ब्रेंटला रीत कुणी सांगितली नव्हती. त्याने आदराने दोन्ही हातांत रायफल घेतली, "वा, काय वजन आहे!" म्हणाला आणि खांद्याला लावून नळीवरून बघत भिंतीवरच्या मुंडक्यापासून सरळ खिडकीपर्यंत फिरवली. घंटा घणघणली. सगळा हॉल टेबलं बडवून हसायला लागला.

"गेला! गेला रे बिचारा!"

"अरे, बायको तपासून केलीस की तशीच?"

ब्रेंट कानापर्यंत लाल झाला, पण हसत होता. नाव सांगितलं, गाव सांगितलं, पहिली बंदूक मामाने दिली ते सांगितलं. "याच्यासाठी कोण उभं राहतं?" जोलीनने विचारलं आणि कारखान्यातले सहा-सात जण एकदम उठले. कुणीतरी क्लबाची हिरवी टोपी त्याच्या डोक्यावर दाबली. दोन महिन्यांत डार्सीने त्याचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

मग ती उठली.

"रिकामी आहे गं," पॅप म्हणाले.

डार्सीच्या बापाने तिला आठव्या वर्षी शिकवलं होतं, नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर, मग बोल्ट. हाताला सवय होती. तिने नळी खाली केली आणि बोल्ट मागे ओढला.

पितळी काडतूस उडून टेबलावर पडलं आणि घरंगळत पाकाच्या सुरईला जाऊन टेकलं.

बाहेर पोरांचा आरडाओरडा चालला होता तेवढाच ऐकू येत होता.

शिकवायला वापरतात ती खोटी काडतुसं नारिंगी प्लास्टिकची असतात. हे पितळेचं होतं, टोकाला गोळी होती आणि बुडाची टिकली सपाट, कोरी. ठोका न पडलेली, म्हणजे काडतूस जिवंत. डार्सीने पॅपकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या तोंडावरचा रंगच उडाला होता. तिने खिडकीकडे पाहिलं. लाल टोपी पानांत खाली-वर होत होती.

"शाब्बास!" जोलीनने टाळी वाजवली. "यंदा पॅपनी परीक्षा अवघड केली होती, बरं का! खरंखुरं काडतूस घालून. आणि पोरीने बरोबर पकडलं!"

हॉलभर एकच सुस्कारा सुटला आणि टाळ्या पडायला लागल्या. "पॅप, तुम्ही म्हणजे ना!" "एक्याऐंशीव्या वर्षी हे उद्योग!" तेवढ्यात पॅपनी काडतूस उचलून कोटाच्या खिशात टाकलं.

"चल, सांग आता नाव-गाव," जोलीन म्हणाली. तिचं हसू ओठांवर होतं, डोळे डार्सीवर रोखलेले. त्या डोळ्यांत विनवणीही होती, आणि डार्सीला ती स्पष्ट दिसली. एवढंच करायचं होतं. नाव, गाव, बाप. सगळा हॉल तिच्यासाठी उठला असता. सोमवारी सातला मेबलला जोलीनच्या स्वयंपाकघराच्या दाराशी सोडायचं आणि आठला प्रयोगशाळेत हजर.

त्याच दाराशी आज सकाळी ही बंदूक होती.

"मी डार्सी हेलमन," ती म्हणाली. "पिट्सबर्गहून आले. पहिली बंदूक वडिलांनी दिली." तिने रायफल बोल्ट उघडाच ठेवून टेबलावर ठेवली. "आणि ही परीक्षा नव्हती. पॅपना ठाऊक नव्हतं आत काडतूस आहे ते. घूस मारल्यावर बोल्ट ओढला, दुसरं आपसूक आत गेलं आणि ते विसरले. ब्रेंटने ही बंदूक आत्ता मुलांवर रोखली होती."

"डार्सी," ब्रेंट दबक्या आवाजात म्हणाला.

"माझ्या बापाला खोटं पाडतेस?" जोलीनचा आवाज चढला. "इथे, या हॉलमध्ये?"

"खोटं नाही म्हणत. विसरले म्हणतेय. विसरतं माणूस. पण तुमच्या घरात रोज सात मुलं असतात, जोलीन. बंदुका कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा, एवढंच मागतेय मी."

"आल्या मोठ्या शिकवणाऱ्या," मागून कुणीतरी म्हणालं. "दोनच महिने झालेत येऊन."

"पॅप," डार्सी म्हाताऱ्याकडे वळली, आवाज तिने शक्य तितका मऊ केला. "ते काडतूस टेबलावर ठेवा ना. यांना बघू दे. परीक्षा असेल तर मी सगळ्यांदेखत माफी मागते."

पॅपचा हात खिशात गेला. आत बराच वेळ चाचपडत राहिला. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि हात रिकामाच बाहेर आला.

"एक्केचाळीस वर्षं झाली मला हे शिकवायला, पोरी," ते म्हणाले.

जोलीनने फाइल उघडली. रीत मात्र तिने सोडली नाही. "हिच्यासाठी कोण उभं राहतं?"

कुणी हललं नाही. एक खुर्चीदेखील कुरकुरली नाही. डार्सीने ब्रेंटकडे पाहिलं. तो आता मेंबर होता, दहा मिनिटांपूर्वीचा. त्याने एकट्याने उठायचं होतं, बाकी कुणाची गरजच नव्हती. हिरव्या टोपीखाली त्याची मान ताटलीवर झुकली होती, आणि काट्याने तो पॅनकेकचा एक तुकडा पाकात इकडून तिकडे ढकलत होता. ती रनेकडे बघायला गेली तर रने बुटाची नाडी बांधत होती.

मग टेबलाच्या टोकाशी हालचाल झाली. पॅपनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले होते आणि म्हातारं शरीर हळूहळू वर उचलायला घेतलं होतं. ते डार्सीकडेच बघत होते. अर्धे उठले असतील नसतील, जोलीनचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

"बसा पॅप," ती मायेने म्हणाली. "गुडघा धरलाय ना तुमचा सकाळपासून."

क्षणभर म्हातारा तसाच अधांतरी राहिला. मग बसला.

"कुणी नाही," जोलीनने यादीत काहीतरी लिहिलं. "आणि मेबलचं म्हणशील तर, दुसरीकडे बघ."

डार्सी बाहेर आली. मेबलच्या केसांत, कॉलरमध्ये पानंच पानं होती. ती वेचत उभी असताना मागून धावत रने आली, हॉलच्या दाराकडे बघत.

"खरंच भरलेलं होतं?"

"तू नर्स आहेस. त्यांचा चेहरा बघितला नाहीस?"

रनेने ओठ चावला. "गेल्या महिन्यात माझ्या धाकट्याला त्यांनी एकाच दुपारी तीनदा जेवायला वाढलं. आम्ही हसण्यावारी नेलं."

"मग उठली का नाहीस?"

"माझी ड्युटी सातला लागते, डार्सी. जोलीनने पोरं परत पाठवली तर कुठे ठेवू? घरी कमावणारी मी एकटी." तिचा आवाज एकदम कडक झाला. "तुझं बरं आहे. नवऱ्याचा पगार आहे, घरी बसशील. खरं बोलायला परवडतं तुला."

"निदान कुलपाचं तरी विचार तिला. ती एकटी असताना विचार."

"बघते," रने म्हणाली आणि परत आत गेली. ती विचारणार नव्हती, हे दोघींनाही कळत होतं.

घरी येताना गाडीत वळणावर ब्रेंट म्हणाला, "हे घरी येऊन मला सांगता आलं असतं. मी हळूच विषय काढला असता."

"कधी?"

"कधीतरी. जरा रुळल्यावर." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी उठलो असतो, तर मलाही काढलं असतं गं."

"हो," डार्सी म्हणाली. "काढलं असतं."

टोपी त्याने काढून मांडीवर ठेवली होती. घर आल्यावर ती दारामागच्या खुंटीला व्यवस्थित लावली.

सोमवारी सकाळी पावणेसातला रनेची गाडी घरावरून गेली. मागच्या सीटवर दोन लहान डोकी दिसली. रनेने हात केला. डार्सीनेही केला. मग गाडी जोलीनच्या घराच्या रस्त्याला वळेपर्यंत ती खिडकीत उभी राहिली, आणि आठ वाजता प्रयोगशाळेला फोन लावला.

"काही अडचण?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"मुलीची सोय झाली नाही, मला रुजू होता येणार नाही," ती म्हणाली.

"अहो, तुमच्याच गावात कोणीतरी बाई सांभाळते ना मुलं? फार चांगलं घर आहे म्हणतात."

"हो," डार्सी म्हणाली, "म्हणतात," आणि त्या बंदुकीचं सांगायला तोंड उघडलं. पण त्याने तोवर बरं म्हणून फोन ठेवला होता.