पिनियनचा नट

काचवाल्या बाईंनी पिकअप गॅरेजच्या दारात उभी केली आणि खाली न उतरताच म्हणाल्या, "हिला रडायची सवय लागलीय. चाळीसच्या पुढे गेलं की मागून सूर लावते. काल तर तावदानंसुद्धा तिच्याबरोबर गुणगुणायला लागली."

काका बाकावर बसले होते. त्यांनी उठायची तसदी घेतली नाही. "मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचे, क्राउन-पिनियनचे दात गेले. अख्खा अ‍ॅक्सल बदला. काचेच्या नावाखाली डोंगर वाहता, दुसरं काय होणार?"

"मिस्त्री, ठरलेल्या वजनाच्या वर मी एक तावदान घेत नाही."

"सगळे असंच म्हणतात."

मी दुसऱ्या गाडीखालून बाहेर आले. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन चार वर्षांपूर्वी मी काकांच्या हाताखाली कामाला लागले, तेव्हापासून ते मला मास्तरीणबाई म्हणतात. "आधी चालवून बघते," मी म्हणाले.

"ऐकून कळतं ते चालवून कशाला बघायचं?"

"तुम्ही ऐकलंय कुठे अजून?"

बाई हसल्या. काका हसले नाहीत.

बाईंना शेजारी बसवून मी गाडी मोठ्या रस्त्याला घेतली. बेचाळीसला सूर सुरू झाला, बारीक आणि एकसारखा. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलो. टायरचा आवाज बदलला, सूर तोच राहिला. रस्ता मोकळा बघून गाडी डावीकडे, मग उजवीकडे झुलवली. चाकाचं बेअरिंग असतं तर एका बाजूला आवाज वाढला असता. वाढला नाही. गिअर न्यूट्रलला टाकला. सूर गाडीच्या वेगाबरोबर उतरत गेला, इंजिनाबरोबर नाही. मग मी गिअर टाकून पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दात खराब असले की दाबताना एक आवाज येतो आणि सोडताना दुसरा. इथे काहीच फरक पडला नाही.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"दातांचं दुखणं नाही म्हणते."

परत आल्यावर मी अ‍ॅक्सलखाली हात घातला. मधला मोठा भाग कोमट होता. पुढचं नाक, जिथे पिनियनचा दांडा आत जातो, तिथे बोट टेकवेना.

"पिनियनचं बेअरिंग," मी काकांना म्हणाले. "दात ठीक असणार. खोलून बघते."

"आणि खोलल्यावर दात खराब निघाले तर?" त्यांनी चष्मा काढला. "तर उद्यापासून पाना हातात घ्यायचा नाही. काउंटरवर बसायचं, फोन उचलायचे. कबूल?"

"कबूल. आणि चांगले निघाले तर?"

"तर बघू."

"बघू नाही. खराबी कशाने झाली ते मी बाईंना सांगणार. तुमच्यासमोर."

"सांग की. तुझं तोंड कोण धरणार?"

त्यांना अजून कल्पना नव्हती. मला होती, कारण त्यांच्याशी बोलण्याआधीच मी गाडीचं जुनं जॉब कार्ड काढून बघितलं होतं. दोन महिन्यांपूर्वी याच पिनियनचं ऑइल सील आम्ही बदललं होतं. त्यासाठी काढलेला नट मी मापाच्या पान्याने, लागेल तेवढाच जोर देऊन, परत बसवला होता. त्यानंतर काका आले होते. आमच्या गॅरेजमधून कुठलीही गाडी त्यांचा हात लागल्याशिवाय जात नाही. बसवलेला प्रत्येक नट ते स्वतः पाव आटा आणखी आवळतात आणि म्हणतात, आता मी निवांत झोपेन. चाकाच्या नटाला ते चालून जातं. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये मात्र एक पातळ नळी असते. नट आवळला की ती दबते, आणि एकदा दबली की परत फुलत नाही. पाव आटा म्हणजे तिच्या दृष्टीने फार झालं; दोन्ही बेअरिंगं चेपून बसतात.

मी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, मागचं झाकण काढलं. तेल पातळीला बरोबर होतं. दात बॅटरीच्या उजेडात एकेक करून तपासले. सगळे स्वच्छ, एकमेकांवर घासल्याची खूण नेमकी मधोमध. काका वाकून बघत होते. त्यांनी बोट फिरवलं, पुसलं, पुन्हा फिरवलं.

मग मी चाकांचे दांडे बाहेर ओढले, पिनियनच्या चकतीला दोरी गुंडाळली आणि स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढली. चार किलोला फिरायला हवी होती. अकराला हलली.

काका हळूच म्हणाले, "बेअरिंगच खराब आलं होतं म्हणून सांग. कंपन्या हल्ली काहीही पाठवतात. कुणालाही पटेल."

"बेअरिंग आपण बदललंच नव्हतं, काका."

"तिला काय कळतंय?"

त्या "तिला"मध्ये मीही होते, असं मला वाटलं.

बाई दारात चहा पीत होत्या. मी दोरी आणि काटा तसाच हातात घेऊन गेले. "सील बदलताना पिनियनचा नट जास्त आवळला गेला. इथे, आमच्याकडून. बेअरिंग दबून तापतंय. तुमच्या वजनाचा काही संबंध नाही. बेअरिंग आणि नळी आम्ही बदलून देऊ."

बाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावरून बघितलं. "म्हणजे डोंगर मी वाहत नव्हते, मिस्त्री."

काका माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "उद्यापासून काउंटर."

"दात चांगले निघाले."

"निघू देत. गिऱ्हाइकासमोर घरच्यांची अब्रू काढणारं माणूस मला पाना धरायला नको."

"मग पाय धरून ओढा मला बाहेर," मी म्हणाले. चाकं लावलेल्या फळीवर आडवी झाले आणि पिकअपखाली सरकले.

चाकापाशी त्यांचे बूट दिसत होते. ते पुढे आले नाहीत, मागेही गेले नाहीत. मी नटावर पाना चढवला. उजेड कमी पडत होता. "काका, बॅटरी धरा," मी म्हणाले. बूट हलले नाहीत.

थोड्या वेळाने बाजूला दोन चपला आल्या आणि बाई उकिडव्या बसल्या. "यातलं मला काही कळत नाही. धरता मात्र येतं. कुठे धरू?"

"बाई, उठा, तेलाने साडी खराब होईल," वरून काका म्हणाले.

"होऊ देत."

"थोडं डावीकडे," मी म्हणाले. उजेड नटावर आला. मी दोन्ही पाय चाकाला टेकवले आणि पाना ओढला.