हिरवट झाक

रंगाच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याने मान हलवल्याशिवाय एकही डबा बाहेर पडत नसे. कणभर काळा जास्त पडला तरी यांना कळायचं. मागच्या वर्षी मात्र यांच्या हातून दोन शेड चुकल्या. "नवे दिवेच धड नाहीत," हे म्हणाले. साहेबांना पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. "पुन्हा चुकलात तर गोदामात पाठवीन," साहेबांनी बजावलं.

मग यांच्या डोळ्यांसाठी मी इरेला पेटले. रोज किलोभर गाजरं किसायची, पिळायची आणि समोर उभं राहून रस पाजायचा.

"अगं, मी माणूस आहे की ससा?"

"गप प्या."

दोन महिन्यांत तळहात पिवळे झाले. डॉक्टर हसले. म्हणाले, गाजरातला रंग कातडीत उतरलाय, कमी करा, जाईल. कमी कशाला करतेय! मला उलट हुरूपच आला. यांनी घरी नंबर घातलेल्या रंगछटांचं शेडकार्ड आणलं. दर रविवारी तळहात कार्डाला लावायचा आणि जुळलेला नंबर कॅलेंडरवर लिहायचा. नंबर चढला की मी खूश.

एका रविवारी यांनी हात खिडकीशी नेला, कार्ड खालीवर केलं. "हा गाजराचा पिवळा नाही. तो केशरीकडे झुकतो. यात हिरवट झाक आहे."

"तुम्हाला रंग कळत असते तर मी किसणीवर बोटं कशाला सोलली असती?" मी फाडकन बोलले.

यांनी रसाचा ग्लास संपवला.

पुढे भूक गेली, अंग खाजायला लागलं. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा झाला, तेव्हा मी मूर्ख बाई शेजारणीला सांगत सुटले, "पोचलं बाई गाजर डोळ्यांपर्यंत!"

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी यांची पापणी खाली ओढली. "गाजराने कातडी पिवळी होते, डोळे नाही. ही कावीळ आहे." तपासण्यांत स्वादुपिंडात गाठ निघाली. पित्ताची वाटच बंद झाली होती. आधी आला असतात तर काढता आली असती, म्हणाल्या. आता फार तर चार महिने.

घरी येऊन मी कॅलेंडर मागे उलटलं. हिरवट झाक दिसली त्या रविवारी यांनी नंबर लिहिलाच नव्हता, नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्याला अकरा आठवडे झाले होते. मी ते पान यांच्यापुढे धरलं आणि रडायला लागले.

"म्हणजे डोळे शाबूत होते गं माझे," हे म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं.