आतलं मशीन

सुविधानं जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीवरचा परवान्याच्या नंबराचा स्टिकर ओल्या फडक्यानं पुसला. पंचवीस अक्षरांतली तेवीस नीट दिसत होती. उरलेली दोन तिनं डबा खिडकीकडं धरून, डोळे बारीक करून ओळखली आणि लॅपटॉपवर मारली. निळा पडदा क्षणभर थबकला, मग पुढं सरकला.

शेजारच्या खुर्चीत तिची आई, गंगव्वा, पाय वर घेऊन बसली होती. रविवारची दुपार होती. अनगोळच्या त्या गल्लीत कुणाचा तरी मिक्सर फिरत होता, तेवढाच आवाज.

"दीपूची पेटी ह्यात घालनार व्हय तू?"

"पेटी न्हाय गं. लॅपटॉपच्या पोटात थोडी जागा राखायची आणि तिथं जुनी सिस्टीम बसवायची. आत दुसरा कॉम्प्युटरच तयार होतोय. खोटा. पण सगळं खऱ्यासारखं करतोय."

"त्येला ठावं असतंय, आपुन खोटं हाय म्हून?"

"न्हाय. त्याला वाटतंय आपण खरंच हाय."

गंगव्वानं मान हलवली. तिला ते पटल्यासारखं दिसलं.

सुविधाचा थोरला भाऊ दीपंकर जाऊन सोळा वर्षं झाली होती. तेव्हा ते संकेश्वरला राहत. घरात एक जातं होतं, एक फोन होता आणि दीपंकरनं शिकवण्या घेऊन आणलेला हा कॉम्प्युटर होता. आई दळायला बसली की तो कीबोर्ड मांडीवर घेऊन बसायचा आणि तिच्या ओव्या उतरून घ्यायचा. बुद्धाच्या, भीमरायाच्या, माहेराच्या, भावाबहिणीच्या. दोनशेच्या वर झाल्या होत्या. त्या ज्या जुन्या मराठी प्रोग्राममध्ये लिहिल्या होत्या, तो आता कुठल्याच मशीनवर उघडत नव्हता. नव्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली की चौकोन आणि उलटीसुलटी चिन्हं दिसायची, जात्याखाली खडे सापडावेत तशी.

यंदा जयंतीला विहारातल्या बायका ओव्यांचं छोटं पुस्तक काढणार होत्या. मालुबाई घरी येऊन गंगव्वाला म्हणाल्या, "आक्का, तुमच्या शंभर तरी पायजेत." गंगव्वा गायला बसली आणि सातव्या ओवीला अडकली. उरलेल्या तिला आठवेनात. महिनाभर ती भांडी घासताना, ओट्याशी, पायरीवर ओठ हलवत राहिली, आणि परवा सुविधाला म्हणाली, "माझं डोस्कं आता रिकामं झालंया. दीपूच्या पेटीत असतील बघ. काढ."

एका कंपनीचे सर्व्हर सांभाळणाऱ्या सुविधाला हे काम दोन तासांचं होतं. ते तिनं सोळा वर्षं केलं नव्हतं.

पडद्यावर चौकट आली. वापरणाऱ्याचं नाव मागत होती. तो मराठी प्रोग्राम ज्या नावावर घेतला होता, तेच नाव इथं द्यावं लागणार होतं. सुविधानं ते इंग्रजीत लिहिलं. मशीन थोडा वेळ गुरगुरलं आणि निळ्या पडद्यावर स्वागताचा शब्द आला, त्याच्याखाली नाव.

"काय म्हनतंय?" गंगव्वानं विचारलं. तिला मराठी वाचता यायचं, बोट ठेवून. इंग्रजी यायचं नाही.

"या म्हणतंय."

"कुनाला?"

सुविधानं पाण्याचा तांब्या उगाचच इकडचा तिकडं ठेवला. "अण्णाला," ती म्हणाली.

गंगव्वानं पदर डोक्यावरून घेतला, दारात कुणी आल्यावर घ्यावा तसा.

आता तारीख. प्रोग्रामची मुदत दोन हजार नऊच्या मार्चअखेर संपली होती. आतल्या मशीनला मार्चमध्येच ठेवलं तर तो उघडणार होता. बाहेरच्या घड्याळाशी जुळवून घ्यायची आतल्या घड्याळाची सवय सुविधानं आधी मोडून टाकली. मग तिनं पंचवीस मार्च लिहिला. मग तो खोडला आणि एक लिहिला.

"आत आज काय तारीख हाय?"

"एक मार्च."

"कुठल्या सालचा?"

"दोन हजार नऊ."

गंगव्वाची बोटं पेरांवर चालली. "म्हंजी आजून सतरा दिस हाईत," ती म्हणाली.

पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ एका मिनिटानं पुढं गेलं. आत हिरवा माळ होता, निळं आभाळ होतं, आणि तिथं अजून कुणालाच काही झालेलं नव्हतं.

तिनं जुना मराठी प्रोग्राम आत बसवला आणि त्यात ओव्यांची फाइल उघडली. चौकोन नव्हते. काळी, जाड, जुन्या वळणाची अक्षरं सरळ रांगेत उभी होती. गंगव्वानं चष्मा लावला, बोट पडद्याला टेकवलं आणि पहिली ओवी हळूहळू वाचली:

"पैली माझी ओवी गं, गाते बुद्धाच्या नावाला
उजेड दाविला त्यानं, माझ्या अंधाऱ्या गावाला."

वाचता वाचता तिच्या आवाजाला चाल आली. तिनं टेबलावरची स्टीलची वाटी पालथी घातली आणि मूठ ठेवून ती गोल फिरवायला लागली. "हात फिरल्याबिगर व्हटावर येत न्हाय बग," ती म्हणाली. वाटी टेबलावर घरघरत राहिली. सुविधा पानं सरकवत गेली. आई वाचायची, गायची, मधेच हसायची.

"ही माझ्या सासूवर हाय. तिच्या म्होरंच म्हनलीती म्या. तिला वाटलं, शेजारनीवर हाय."

"आणि ही?"

"ही दीपूनंच घातलीया लबाडानं. 'आईच्या हातची भाकर' म्हनं. म्या कवा म्हनलीती ही?"

सुविधा हसली. पण तिचा हात आता सावकाश चालत होता. फाइलीच्या उजवीकडची पट्टी तळाशी येत चालली होती, आणि तळाशी काय आहे ते तिला न बघताच ठाऊक होतं.

त्या दिवशी, अठरा मार्चला, कसल्या तरी आंदोलनानं बसगाड्या बंद झाल्या होत्या. कॉलेज सुटल्यावर निपाणीच्या स्टँडावरून तिनं घरी फोन लावला होता. मागं जातं घरघरत होतं. दीपंकर म्हणाला होता, "ओवी लिवतोय गं. येवढी एक संपवतो आणि निघतो." आणि ती म्हणाली होती, "न्हाय. आत्ताच ये." एकोणीस वर्षांची होती. स्टँडावर गर्दी होती, ऊन होतं, तिला भूक लागली होती. एवढंच कारण. तो मोटरसायकलवरून तवंदीच्या घाटापर्यंत आला होता, तिथं वळणावर ट्रक आडवा आला. ओवी संपवून निघाला असता तर तो ट्रक त्याच्याआधी वळणावरून गेला असता, हा हिशेब ती सोळा वर्षं मनातल्या मनात मांडत होती. आपल्या फोनचं तिनं घरात कधीच सांगितलं नव्हतं. दीपू कशाला निघाला होता असं कुणी विचारलं की गंगव्वा म्हणायची, "त्येला काय, गाडी दिसली की निघाला."

शेवटचं पान आलं. गंगव्वाचं बोट ओळीवरून सरकलं:

"बहीण उभी गं येशीला, दिस कलला माळाला
बंधू"

पुढं काही नव्हतं. पांढऱ्या जागेत कर्सर उघडझाप करत होता.

वाटी थांबली. गल्लीतला मिक्सरही केव्हाच बंद झाला होता.

"आर्ध्यातच उठला की ह्यो," गंगव्वा म्हणाली.

सुविधा पडद्याकडं बघत राहिली. एका बटणाच्या अंतरावर सगळं होतं. हे मशीन बंद करावं, पुसून टाकावं, फाइल खराब निघाली म्हणावं. तिनं माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला.

"आई," ती म्हणाली. "त्या दिवशी…"

"थांब. म्होरलं आठवू दे मला."

गंगव्वानं डोळे मिटले. वाटी पुन्हा फिरायला लागली, आधी अडखळत, मग एका लयीत. 'बंधू' एवढंच ती दोनतीनदा म्हणाली. वाटी फिरत राहिली. मग ती थांबवून, साध्या बोलण्याच्या आवाजात तिनं सांगितलं:

"बंधू उठला तसाच, हाक ऐकल्या येळाला. लिव."

सुविधाची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"अशीच होती ती ओवी?" तिनं विचारलं.

"तवा कशी व्हती, आठवंना. आता अशी हाय. लिव तू."

सुविधानं लिहिलं. जुन्या प्रोग्रामची कळ कुठं असते ते बोटांना आठवत नव्हतं. 'हाक'मधला काना तिनं दोनदा चुकवला, दोनदा दुरुस्त केला. गंगव्वा चष्म्यातून बघत होती. ओळ पुरी झाल्यावर तिनं बोट ठेवून ती पहिल्यापासून वाचली आणि मान हलवली.

पडद्यावर चौकट आली, बदल ठेवायचे का विचारणारी. सुविधानं ठेवले.

गंगव्वानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला नाही. तो हातात धरूनच, खिडकीकडं बघत ती म्हणाली, "सुवे, फोन ठिवल्यावर तू किती येळ थांबलीतीस गं थितं, स्टँडावर?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"अंधार पडला होता," सुविधा म्हणाली. "दुकानं बंद व्हायला लागली होती. तरी मी थांबलेच होते."

"काय खाल्लंतीस का?"

"न्हाय."

गंगव्वा खुर्चीचा हात धरून उठली, आणि भाकरी थापायला ओट्याकडं गेली.