राहिलेल्या तीन फेऱ्या

त्या रविवारी आमच्या चामराजपेटच्या घरात सकाळचे आठ तीनदा वाजले. आधी जुन्या मीडियम वेव्हच्या रेडिओवर वेळेचे ठोके पडले, काही सेकंदांनी डिजिटल सेटवर, आणि आईचे पोहे वाढून झाल्यावर फोनवर. अण्णांनी तिन्हींमधलं अंतर वहीत लिहिलं.

"बघ रक्षी, फोनवाल्याला आठ वाजल्याचं पाऊण मिनिटाने कळतं. आणि तुम्ही याला पुढचं म्हणता."

"पाऊण मिनिटाने कुणाचं काय अडतं, अण्णा?"

"रन आऊट झालेला माणूस फोनवर अजून पळत असतो."

"आणि पोहे गार होतात," आई म्हणाली. "आठ कितीदाही वाजवा, मी एकदाच वाढणार."

अण्णा, म्हणजे माझे वडील विठोजी राव, आकाशवाणीच्या प्रक्षेपण केंद्रातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. मी महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत आहे. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये बसवायची यंत्रं आम्ही बनवतो. नव्या यंत्रात डिजिटल रेडिओ ठेवायचा, की फोन जोडायची सोय पुरे, असा प्रश्न कंपनीत निघाला आणि मी तो जेवताना घरी सांगितला. दुसऱ्याच दिवशी अण्णा फुलस्केप वही घेऊन आले आणि पट्टीने तीन रकाने आखले: जुना, डिजिटल, फोन. शहरातल्या चाळीस बसमार्गांवर कुठे काय ऐकू येतं हे ते मला लिहून देणार होते. बसच्या पत्र्यातून लहरी नीट आत येत नाहीत, म्हणून खिडकीची जागा मिळेपर्यंत ते दोन-दोन बस सोडत.

आमचे वाद नेहमीचे होते. त्यांचं म्हणणं, एका प्रक्षेपण मनोऱ्याचं एकाने ऐकलं काय आणि एक कोटींनी ऐकलं काय, वीज तेवढीच लागते. रेंज लागत नाही, डेटा लागत नाही, आणि कोण काय ऐकतं याची नोंद कुणी ठेवत नाही. माझं म्हणणं, लोकांना आता लागलेलं ऐकायचं नसतं, हवं ते लावायचं असतं.

"हवं ते म्हणजे काल ऐकलेलंच," ते म्हणत.

त्या रविवारी त्यांनी पोहे खाताखाता विचारलं, "ठरलं का तुमच्या लोकांचं?"

"अजून नाही."

"सरी, ठीक आहे. तीन फेऱ्या राहिल्यात. महिनाअखेर वही देतो."

खरं तर ठरलं होतं. जूनमध्येच, त्यांनी पहिली ओळ लिहायच्या आधी. शिफारस माझीच होती: डिजिटल रेडिओ वगळावा. हे सांगायला म्हणून मी घरी आले, तेव्हा अण्णा पेन्सिलीला टोक काढत बसले होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांनी कामाच्या दिवशी दाढी केली होती. मी म्हणाले, नोंदी उपयोगी पडतील. मग जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबर-ऑक्टोबरही गेले. दर रविवारी ते विचारत आणि मी "अजून नाही" म्हणत असे. वही पुढे करत, तेव्हा मी पानं उलटत असे. वाचलं एकही नाही.

सोमवारी मल्लेश्वरमच्या बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून गेले. दोन्ही कानांत इअरफोन होते. हे आजोबा काहीतरी ऐकताहेत असं कंडक्टरला वाटलं. शेवटच्या थांब्यावर त्याने खांद्याला हात लावला.

तेराव्याला आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "रक्षीच्या कंपनीचंच काम करत होते हो. शेवटपर्यंत." लोक माझ्याकडे पाहून मान हलवत. मी पाणी आणायला म्हणून आत जात असे आणि भांडं न घेताच परत येत असे.

नंतरचे दिवस मला एका जागी बसवेना. पुस्तक तिसऱ्या-चौथ्या पानावर पालथं पडे. अशी सात पुस्तकं घरभर पडली. ऑफिसला जाताना मेट्रोत मी फोनवर गाणं लावायची, दहा सेकंदांत बदलायची, मग पुढचं. हवं ते लावायची सगळी सोय हातात होती आणि काय हवं तेच ठरत नव्हतं. दोनदा मधल्याच स्टेशनवर उतरून रिक्षा केली.

एका शनिवारी सकाळी आई चपला घालून दारात उभी दिसली. खांद्याला अण्णांची पिशवी.

"कुठे निघालीस?"

"तीन फेऱ्या राहिल्यात ना? त्यांनी तुला महिनाअखेरचं सांगितलं होतं."

"आई, राहू दे ते."

"का राहू दे? अर्धवट काम त्यांना कधी चाललं?"

जन्मभर जिने रेडिओला 'ती सवत' म्हटलं, ती आता दोन कानांत दोन इअरफोन घालून बसथांब्यावर उभी होती. मी सोबत गेले. दुसरं काही सुचलं नाही.

मार्केटला गर्दीची बस मिळाली. "मुंदे होगी, मुंदे होगी," असं कानडीत म्हणत कंडक्टर सगळ्यांना पुढे सरकवत होता. आईने खिडकीतल्या बाईला सांगितलं, "स्वल्प सरका अक्का, सरकारी काम आहे," आणि जागा मिळवली. मी शेजारी दांडा धरून उभी राहिले. ती भराभर लिहू लागली. वाकून पाहिलं तर डिजिटलच्या रकान्यात दर अर्ध्या मिनिटाला 'गेलं' लिहिलेलं.

"इतक्यांदा कसं गेलं?"

"बोलता बोलता थांबतो की तो."

"तो निवेदक श्वास घेतो, आई. सेटवरचा हा पट्टा बघ. हा भरलेला असला म्हणजे आवाज येतोय. पट्टा गेला तरच 'गेलं' लिहायचं."

"मग आधी खरखर नाही का होत? आपल्या जुन्याला व्हायची."

"डिजिटलला नाही होत. शेवटपर्यंत स्वच्छ येतो आणि एकदम बंद होतो."

आईने मागची पाच-सहा 'गेलं' खोडली. खोडताना ओळ सरळ राहावी म्हणून तिने तिकीट पट्टीसारखं धरलं होतं.

शेषाद्रिपुरमच्या रेल्वेपुलाखाली पट्टा गेला. तिने वेळ लिहिली. बाहेर आल्यावर आवाज परत आला, तीही वेळ लिहिली. तिचा चेहरा उजळला. "जमलं गं," ती म्हणाली. पलीकडच्या सीटवरचा माणूस उतरला आणि मी बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले.

"काय चुळबुळ लावलीयस सकाळपासून?"

"काही नाही."

"आज ही फेरी, उद्या राहिलेल्या दोन." आई पानं मागे उलटत होती. अण्णांचं बारीक, सरळ अक्षर पानामागून पान जात होतं, कुठे ऊन, कुठे पाऊस, कुठे 'उभ्याने प्रवास, नोंद अपुरी, पुन्हा यावे'. "सोमवारी मी येते तुझ्या ऑफिसात. वही मीच देते साहेबांच्या हातात. म्हणजे तुला बोलायला नको."

"तू नको येऊस."

"का? साडी चांगली नेसते."

"तसं नाही."

"मग? त्यांना सांगते ना, जे काय ठरवाल ते हे वाचून ठरवा. माणूस पाच महिने बसमधून फिरला, त्याला एवढं..." ती थांबली. डाव्या कानातला इअरफोन काढून तिने माझ्याकडे पाहिलं. "कधी ठरवणार आहेत ते, रक्षी?"

बस संपिगे रोडला वळली. 'अजून नाही' हे दोन शब्द तोंडात तयार होते, पाच महिन्यांच्या सवयीने. मी हात पुढे करून तिच्या दुसऱ्या कानातलाही इअरफोन काढला.

"जूनमध्येच ठरलं, आई. मीच ठरवलं. डिजिटल रेडिओ नको असं मीच लिहून दिलं, अण्णांनी वही आखली त्याच आठवड्यात. ते दर रविवारी विचारायचे आणि मी खोटं सांगायची. यातलं एक पानसुद्धा मी वाचलेलं नाही."