पहिली तुंबी

प्लंबर विल्मारनं स्वयंपाकघरातला जुना पितळी नळ सोडवून ओट्यावर ठेवला. लेओनोरला तो हातात घ्यावासा वाटला नाही.

"एवढ्याशा नळात एवढं विष?" दारात उभ्या असलेल्या निबियाबाई म्हणाल्या. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या तान्ह्या नातीच्या रक्तात शिसं निघालं, म्हणून आरोग्य खात्याची माणसं इमारतभर पाणी तपासत फिरली होती. मोंतेविदेओच्या जुन्या घरांत शिशाचे पाईप काही नवे नाहीत. लेओनोरकडचे मात्र कधीच बदललेले होते. तरी सगळ्यांत जास्त शिसं तिच्याच पाण्यात सापडलं.

"पाईप बदलून काय होतंय? या असल्या जुन्या पितळातच शिसं असतं," विल्मार म्हणाला. "पाणी रात्रभर तुंबून राहिलं की उतरतं त्यात. गरम पाण्यात तर जास्तच. सकाळी थोडं वाहू दिलं की मग बरं येतं."

"आणि ते पहिलं गरम पाणीच कुणी पीत असेल तर?"

"ते कोण पितं, बाई?"



लेओनोरची आई प्यायची. माते म्हणजे तुंबीत पानं भरून नळीनं ओढायचा इकडचा चहा; तो करताना पाणी उकळू द्यायचं नसतं. उकळलं की पानं करपतात, चव मरते. म्हणून आई गीझर चढवून ठेवायची आणि थर्मास थेट नळाखाली धरायची. "नळ आयतं देतोय तर गॅस कशाला जाळू?" या युक्तीचा तिला भारी अभिमान होता.

एकच तुंबी पुन्हा पुन्हा भरून सगळ्यांत फिरते; त्यातली पहिली करणाऱ्यानंच प्यायची, ही रीत. ती कडूजहर असते, नळीत चुरा येतो. लोक तिला मूर्खाची तुंबी म्हणतात. आईनं ती रीत आणखी लांबवली होती. पहाटे उठून ती अख्खा पहिला थर्मास एकटीच संपवायची. मग भांडी घासायची, ओटा धुवायची. इतकं पाणी वाहून गेल्यावर लेकीसाठी दुसरा थर्मास भरायची.

"या, राणीसाहेब. मूर्खांचं पिऊन झालंय. आता शहाण्यांनी बसावं."

मे महिन्यात आईची मूत्रपिंडं थकली, आणि आई गेली.

"बरं, तुझ्या रक्ताचं काय झालं?" निबियांनी विचारलं.

"काल दवाखान्यातून फोन आला. काही नाही निघालं."

"अगं, मग तोंड का असं? दैव म्हणायचं तुझं. एकाच घरातलं पाणी ना?"

लेओनोर हो म्हणाली. आईची मूत्रपिंडं शिशानंच गेली का, हेही तिनं त्याच फोनवर डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर भले होते. रक्तदाब जुना होता, वय झालं होतं, आता कुणालाच सांगता यायचं नाही, असं म्हणाले. हो किंवा नाही, काहीही चाललं असतं तिला. दोन्हींपैकी एक धरून रडता आलं असतं.

"खाली ये संध्याकाळी," निबिया म्हणाल्या. "पोरीला बाटलीचं पाणी चालू केलंय, आम्हीही तेच पितो. एकटीनं काय माते पितेस? भिंतीला देणार का तुंबी?"

"उद्या येईन."

"उद्या म्हणजे कधीच नाही. तुझ्या आईचंच वळण."

नवा नळ बसवून झाल्यावर दोघं गेली. लेओनोरनं नव्या नळाचं पाणी बराच वेळ वाहू दिलं, थंड पाण्यानं किटली भरली आणि गॅसवर ठेवली. पाणी किती तापलं की उतरवायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. कधी ठाऊक असावंच लागलं नव्हतं. किटली आधी किणकिणली, मग गुरगुरली. कोणत्या आवाजाला उठायचं ते कळेना. ती उठली तोवर पाणी खळखळून उकळलं होतं.

तिनं ते मोरीत ओतून दिलं. किटली पुन्हा भरली, आणि या खेपेला गॅसपाशीच उभी राहिली.