भिंतीपलीकडची

दवाखान्यातून घरी आली तेव्हा लोकरचे हातपाय शाबूत होते. गेली होती ती फक्त नावं. डोक्यातली एक बारीकशी रक्तवाहिनी रुसली काय आणि जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला समोरच्या पेल्याला काय म्हणतात ते आठवेना.

लोकर हे तिचं स्टाफरूममधलं नाव. मोकळ्या तासाला ती सदा काहीतरी विणत बसायची, म्हणून शेजारच्या वर्गाच्या बाईंनी ते ठेवलं होतं. तिनंही उसनं ठेवलं नाही. त्या बाईंना ती ‘टाचणी’ म्हणू लागली. “अंगानंही टाचणी आणि बोलण्यानंही,” असं सगळ्यांदेखत म्हणायची. पुढे बाईंना कुणी मॅडम म्हटलं, कुणी मावशी, कुणी आजी. टाचणी म्हणणारी मात्र एकटी लोकरच राहिली.

दोघींच्या वर्गांमध्ये नुसतं लाकडी पार्टिशन होतं. इकडे बाईंनी इंग्रजी अलंकारांतली सिमिली शिकवायला घेतली की तिकडे लोकरचं मेटाफर ऐकू यायचं, आणि बाईंच्या वर्गातली पोरं लोकरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. त्या भिंतीवर डस्टरनं टकटक करायची दोघींची रीत होती. एकदा टकटक म्हणजे, तुझा वर्ग फार बोलतोय, गप्प कर. दोनदा टकटक म्हणजे, तास संपला की बाहेर ये, गंमत सांगायचीय. एकदा हायपरबोलीचं उदाहरण म्हणून एकानं लिहिलं होतं, ‘आमच्या बाईंचा तास शंभर वर्षं चालतो.’ लोकरनं त्याला शून्य दिलं. खाली लिहिलं, ‘ही अतिशयोक्ती नाही, वस्तुस्थिती आहे.’ त्या दिवशी दोघी जिन्यात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

आता बाई रोज सकाळी लोकरच्या घरी जाऊन बसत. स्पीच थेरपिस्ट मुलगी यायची, चित्रांची कार्डं टेबलावर मांडायची आणि विचारायची, “हे काय?”

पेल्याचं चित्र बघून लोकर म्हणाली, “तहान.”

“वा!” बाई उडाल्याच. “मेटॉनिमी! वस्तूऐवजी तिच्याशी जोडलेली गोष्ट. पूर्ण मार्क!”

डॉक्टरांच्या चित्राला लोकर म्हणाली, “पांढरा कोट.” किटलीला म्हणाली, “वाफेचं घर.” सुनेला तर तिनं सरळ “किल्ल्या” अशी हाक मारली. घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या सुनेच्या हाती होत्या, त्यामुळे बाईंना हसू आवरेना. सून मात्र गोरीमोरी झाली.

“मावशी,” मुलगा बाईंना बाजूला घेऊन म्हणाला, “आईच्या डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?”

“परिणाम कसला? हुशारी आहे ती! नाव सापडलं नाही तर शेजारच्या घरातून आत शिरते. आपण मुलांना हेच शिकवायचो, अलंकार ओळखा आणि का ते सांगा.”

“तुम्हाला ओळखता येतो हो. आम्ही पडलो सायन्सवाले.”

बाईंना त्या दिवसांत कितीतरी वर्षांनी पुन्हा वर्गात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. लोकर बोलायची, त्या उलगडून सांगायच्या आणि लोकर खुशीत मान हलवायची. घरी जाताना बाईंच्या मनात एकच यायचं, आज ना उद्या ही मला टाचणी म्हणेल. ही एवढी वाफेची घरं बांधतेय, मग तीन अक्षरांचं ते नाव कुठे लांब आहे?

पण बाई आल्या की लोकर त्यांच्या हाताला हात लावायची, तोंड उघडायची आणि तशीच थांबायची. मग कपाळाला आठ्या घालून दुसरीकडे बघायची.

मुलाची बदली झाली होती. शनिवारी तो आईला घेऊन नव्या शहरात राहायला जाणार होता.

त्याच आठवड्यात एका सकाळी बाईंना यायला उशीर झाला. दार उघडून बघतात तर लोकर खुर्चीत कुडकुडतेय, डोक्यावर पंखा गरगर फिरतोय आणि दिवसभरासाठी ठेवलेली मदतनीस रडकुंडीला आलेली.

“सारखं वारा, वारा म्हणत होत्या, म्हणून मी पंखा वाढवला. वाढवला तर ओरडायला लागल्या. आणखी वाढवला.”

बाईंनी पंखा बंद केला, खिडकी लावली, शाल पांघरली. वारा म्हणजे थंडी. कारणावरून परिणाम. त्यांना उंबऱ्यातच कळलं होतं. पण ते मोठ्यानं सांगायला त्यांची जीभ रेटेना.

थेरपिस्टनं सगळं ऐकून घेतलं. कार्डं पिशवीत भरता भरता ती हळूच म्हणाली, “मावशी, रागावू नका हं. तुम्हाला कळतं ना, म्हणून त्या साधा शब्द शोधतच नाहीत. तुम्ही शाबासकी देता आणि त्या तिथेच थांबतात. शनिवारनंतर तिथे त्यांचं बोलणं कोण उलगडून सांगणार?”

बाईंची नजर बंद केलेल्या पंख्याकडे गेली.

“थोडेच शब्द घेऊ आपण. एकेका शब्दाला फार घोटावं लागतं, फार घेतले तर एकही धड बसणार नाही. कुठले घ्यायचे ते तुम्हीच ठरवा.”

“पाणी,” बाई म्हणाल्या. “थंडी. दुखतंय. नको.”

“आणखी एखादा चालेल.”

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. घोटून घेतलं असतं तर लोकरच्या तोंडून ते नाव आलंही असतं. त्यांनी शालीचं टोक उगाच सारखं केलं.

“संडास घ्या,” त्या म्हणाल्या. “तो लागतो.”

मग सुरू झाली ती खरी शिकवणी. बाईंनी पाण्यानं भरलेला पेला हातात धरला, पण पुढे केला नाही.

“हे काय?”

“तहान.”

“नाही.”

लोकर बघतच राहिली. अशा उत्तराला बाईंनी उभ्या जन्मात नाही म्हटलं नव्हतं.

“तहान!”

“नाही गं. पा...”

लोकरनं टेबलावरचं कार्ड भिरकावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बाईंनी ते उचललं. इतकं सुरेख उत्तर, आणि आपण त्यावर फुली मारतोय! जेवणाच्या वेळेपर्यंत लोकर रुसलेलीच होती. जेवताना ठसका लागला तेव्हा सून पाणी आणायला धावली. बाईंनी तिला नजरेनंच थांबवलं आणि स्वतःचा जीव मुठीत धरून बसल्या.

“पा... पाणी!” लोकर ओरडली.

सुनेच्या डोळ्यांना धार लागली. बाईंनी पेला दिला, पाठीवरून हात फिरवला. मनातून मात्र त्यांना वाटलं, भिंतीपलीकडून येणारा एक आवाज आपण आपल्या हातानं बंद केला.

शनिवारी गाडीत सामान भरलं. लोकर मागच्या सीटवर बसली. बाई काचेशी वाकल्या तशी तिनं त्यांचा हात धरला, तोंड उघडलं आणि थांबली. ‘टा’, एवढा एकच आवाज तोंडात दिला की झालं, तसंच शिकवलं होतं त्या थेरपिस्ट मुलीनं. बाईंनी तो गिळला. मागून घेतलेलं नाव नको होतं त्यांना.

“भिंत,” लोकर म्हणाली.

“भिंत नाही आई, मावशी,” मुलगा पुढून म्हणाला. “म्हण, मावशी.”

“नको!” लोकरनं त्याला झटकलं. हा शब्द चांगलाच बसला होता. “भिंत.”

गाडी वळेपर्यंत बाई रस्त्यावर उभ्या होत्या. मग घरी येऊन त्यांनी एकटीपुरता चहा केला आणि तो निवून गेला. भिंत म्हणजे काय? ती कुणाकडे बघून म्हणाली? की समोर कंपाउंडची भिंत होती, ती दिसली नुसती? मुलांच्या प्रत्येक ओळीचा अर्थ लावणाऱ्या बाईंना हा एक शब्द पक्का धरवेना. मनासारखा अर्थ काढायची त्यांना भीती वाटत होती.

संध्याकाळी फोन आला.

“मावशी, पोचलो आम्ही. आईनं पाणी मागितलं बरं का, स्वतःहून! पण मघापासून नुसतं भिंत, भिंत चाललंय. इथल्या सगळ्या भिंती दाखवून झाल्या. प्रत्येक भिंतीला नको म्हणते आणि फोनकडे बोट करते. कुठली भिंत हवीय हो तिला?”

बाई खुर्चीवर बसल्या.

“मी,” त्या म्हणाल्या. “मला म्हणतेय ती. लिहून ठेव कुठेतरी, भिंत म्हटली की मला फोन लावायचा. दे तिच्याकडे.”

पलीकडे खुडबुड झाली, मग ओळखीचा श्वास ऐकू आला. आणि बाईंचा बांधच फुटला. त्या बोलत सुटल्या. तू गेल्यावर चहा कसा निवला, रस्ता कसा ओका वाटला, शाल नीट घेत जा, तिथे वारा फार असेल, वारा नव्हे, थंडी, आणि सुनेला किल्ल्या म्हटलंस तरी चालेल, मी तिला समजावीन, आणि...

टक.

फोनवर नखाचा एकच आवाज आला. स्पष्ट, करकरीत, तासाच्या ऐन मध्यावर यायचा तसा.

बाई गप्प झाल्या. डोळे पुसता पुसता हसू आलं, तेही त्यांनी पदराआड दाबलं. वर्ग शांत पाहिजे होता ना तिला. फोन कानाशी घट्ट धरून त्या तशाच बसून राहिल्या, न जाणो, आणखी दोनदा वाजलं तर.