तिकोनी तुकडा

"त्रिकोणात घर बांधत नसतात. माझे पप्पा म्हणतात, तिकोनी प्लॉट लाभत नाही," केयूरने उभं राहून आपल्या वहीतलं वाचून दाखवलं.

तिसरीचा वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या सोनियाने मान खाली घातली. ती राहते ती जागा तिकोनी आहे, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं.

अंबिकाबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. गणिताची रोजनिशी हे खूळ प्रशिक्षणातून आलेलं. घरात, रस्त्यात दिसलेला आकार मुलांनी काढायचा आणि त्याबद्दल मनातलं लिहायचं. सांगणाऱ्यांचं काय जातंय, त्यांनी उंटावरून शेळ्या हाकायच्या. ढीगभर वह्या वाचायच्या बाईंनी. त्यातून दुष्काळाचं हे दुसरं साल. गारखेड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत हंडे-बादल्यांमधून वाट काढत, कंबर धरून त्या वह्या तपासत. तरी खरं सांगायचं तर हे खूळ त्यांना आवडायला लागलं होतं. पाठ केलेली व्याख्या सगळी पोरं एका सुरात म्हणत. वहीत मात्र प्रत्येक पोर आपापलं बोलायचं.

सोनियाच्या वहीत त्या दिवशी पानभर त्रिकोण होते आणि प्रत्येकाचं एक टोक तिने छाटून टाकलं होतं. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं.

"अगं, त्रिकोणाला बाजू किती?"

"तीन."

"मग ही चौथी कुठून आली?"

सोनिया नखं कुरतडत म्हणाली, "म्या एक कोना कापला, बाई. तीन कोन्याच्या जागंत माणूस टिकत नाय म्हणं."

बाईंनी खराट्याच्या काड्या काढल्या, दोऱ्याने टोकं बांधून एक चौकोन केला, एक त्रिकोण केला.

"दाब हा चौकोन."

सोनियाने बोटाने दाबला. चौकोन कलंडला.

"आता हा."

त्रिकोण हलेना. तिने दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

"बघितलंस? आकारात घट्ट आकार हाच."

"लई घट्ट?"

"लई घट्ट," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वहीत अख्खा त्रिकोण होता, तिन्ही टोकांसकट. खाली लिहिलं होतं, 'आमची जागा घट्ट आहे.' बाईंना फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असे दिवस काही रोज येत नाहीत.

रविवारी बाईंचे यजमान श्रीधर त्यांना प्लॉट दाखवायला घेऊन गेले. दोघांचीही निवृत्ती तोंडावर आली होती आणि घरमालकाने खोल्या सोडायला सांगितल्या होत्या. श्रीधर कोर्टात कारकून. शहर वाढत गेलं तशी त्यांच्या ऐपतीतली जागा दर वर्षी आणखी लांब सरकत होती. ही मात्र जमण्यासारखी होती. बीड बायपासच्या पलीकडे, कुणाच्या तरी रानात फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या.

"प्लॉट वाघमुखी हाये, साहेब," एजंट सांडू सांगत होता. "पुढं रुंद, मागं निमुळता. म्हणून तर सस्त्यात चाललाय. पन बाजूचा हा तिकोनी तुकडा जोडला का झाला चौरस."

श्रीधर खुशीत टेप सोडून माप घ्यायला लागले.

"तिथं कुणी राहतंय ना?" पत्र्याच्या खोलीकडे बघत बाईंनी विचारलं.

"जुने मालक. पोरानं रान इकलं, पन म्हातारी हालंना. तुकड्याला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून राहू देलं. तुमी हो म्हणा, लगेच उठवतो."

तेवढ्यात खोलीतून सोनिया धावत आली.

"आज्जे, बाई आल्या! आपलं घर बघाया आल्या!"

तिने बाईंचा हात धरला आणि ओढतच नेलं. पोतं झटकून अंथरलं. टँकर न आल्यामुळे दारातले ड्रम कोरडे पडले होते, तरी तिची आजी, दगडाबाई, ग्लासभर पाणी घेऊन बाहेर आली. तिची नजर श्रीधरच्या हातातल्या टेपकडे गेली. पोरीला ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने विचारलं, "जागा बघाया आलात व्हय?"

आपल्या भिंतीत आपण खिळा ठोकावा, कुणाला विचारायला लागू नये, एवढीच बाईंची आयुष्यभराची हौस होती. ती आज हाताला लागली होती. नको म्हणायला जीव धजत नव्हता. आणि हात तर सोनियाच्या मुठीत होता.

"नाही, आजी," त्या म्हणाल्या. "सोनियाचं घर बघायला आले."

"मॅडम, तुमी नाय तर दुसरं कुनी घेईन," मागून सांडू म्हणाला.

"घेईल. आम्ही नाही घेणार."

"अगं, खोल्या सोडायच्यात आपल्याला," श्रीधर म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"माहीत आहे हो."

दगडाबाईने ग्लास पुढे केला. पाणी कोमट होतं, त्याला पत्र्याचा वास येत होता. बाई पोत्यावर बसल्या आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. पलीकडे उन्हात श्रीधर वाकून टेप गुंडाळत होते.